डोक्याचा बाक

तेलघरातून बाहेर पडलेल्या पाहुण्याला आधी बाकावर बसवायचं, मग कॉफी द्यायची, आणि त्याचं डोकं पुरतं ठणकायला लागलं की मग व्यवहाराचं काढायचं, ही कारखान्याची जुनी रीत. मोठ्या बाईंच्या नवऱ्यानं ती पाडली होती, आणि नवरा गेल्यावर बाईंनी त्याच्या चष्म्यापेक्षा आणि फोटोपेक्षा ती रीतच जास्त जपली.

तेलघर म्हणजे फोडणीच्या तेलाचं घर नव्हे. सुरुंगाच्या कांडीत जे जहाल तेल जातं ते तिथं तयार व्हायचं. खाणीत, बोगद्यात, धरणाच्या पायात डोंगर फोडतं ते हेच, आणि तोफेच्या पोटात जे जातं तेही याच्याच भावकीतलं. त्या तेलाची वाफ मोठी वाईट. नवखा माणूस आत जाऊन थोडा वेळ थांबला की कपाळाच्या दोन्ही बाजूंना घण पडायला लागायचे. कामगार म्हणायचे, तेलानं डोकं घेतलं. काही दिवस रोज आत गेलं की अंग सरावतं, मग जाणवतसुद्धा नाही. पण मध्ये एक सुट्टी पडली की सराव मोडतो आणि जुन्या माणसाचंही कपाळ जड होतं. म्हणून सुट्टीनंतरच्या दिवशी कारखान्यात कॉफी जास्त लागायची आणि भांडणंही जास्त व्हायची.

बाक होता स्फोट अडवायला घातलेल्या पहिल्या मातीच्या बांधाच्या अलीकडे, सावलीत. लोखंडाचा एक खिळा नाही, सगळा लाकडी खुंट्यांनी जोडलेला. खाणीचा कंत्राटदार असो नाहीतर बँकेचा साहेब, त्या बाकावर कोणी घासाघीस केल्याचं कुणाला आठवत नव्हतं. "दोन्ही हातांनी डोकं धरलं की भाव धरायला हात उरतोच कुठं," असं नवरा हसत म्हणायचा. शिवाय डोकं दुखत असलं की माणसाला खोटं जुळवत बसायचं त्राण राहत नाही, हे बाईंचं स्वतःचं निरीक्षण. त्यांनी ते नवऱ्यालाही कधी सांगितलं नव्हतं, कारण त्यालाही अधूनमधून त्या बाकावर बसवायचं होतं.

त्या दिवशी सकाळी बाकावर तिघांना बसवायचं ठरलं होतं.

पहिला बगळा. त्याचं खरं नाव कुणाच्या जिभेला वळत नव्हतं. उंच, पांढरेशुभ्र कपडे, आणि कुठंही गेला की एका जागी स्थिर उभा राहून बघत बसायचा, म्हणून पॅकिंगच्या बायकांनी ते नाव ठेवलं. समुद्रापलीकडच्या मोठ्या कंपनीचा इंजिनियर. त्या कंपनीला हा कारखाना विकत हवा होता. दोन आठवडे तो बाईंच्या घरीच उतरला होता, त्यांच्याच टेबलावर जेवत होता.

दुसरी राजधानीहून आलेली साहेबीण. दारूगोळ्याचा कारखाना परक्याच्या हाती द्यायचा तर सरकारी खात्याची परवानगी लागते. ती देण्याजोगी आहे का, हे बघायला खात्यानं तिला पाठवलं होतं. आवाज मऊ, पण प्रश्न विचारताना पापणी हलत नसे. बाईंना अशी माणसं आवडत नसत, कारण त्या स्वतः तशाच होत्या.

तिसरा बाईंचा धाकटा मुलगा. विक्री, बाजार, बँक सगळं तो बघायचा. बगळ्याची भाषा घरात त्यालाच यायची, म्हणून दुभाष्याचं कामही त्याच्याकडेच. तेलघरात तो वर्षातून एकदासुद्धा जात नसे. त्याला वासच सहन व्हायचा नाही म्हणे.

आणि चौथा थोरला. तो बाकावर बसणारा नव्हेच. तो रोजचा तेलघरातला माणूस.

खात्याची परवानगी एक, आणि मोठ्या बाईंची सही दुसरी. कारखान्याचा मोठा हिस्सा त्यांच्या नावावर होता. दोन्ही मिळाल्याशिवाय सौदा होणार नव्हता. म्हणून दोन आठवडे घरात जे काही बोललं जात होतं, ते एकमेकांशी कमी आणि बाईंच्या कानाशी जास्त होतं.

थोरला म्हणायचा, "आई, उद्या लढाई लागली आणि त्यांच्या सरकारनं कंपनीला सांगितलं की यांना माल देऊ नका, तर आपण काय करायचं? घराची किल्ली शेजाऱ्याच्या खिशात ठेवून झोपायचं?"

धाकटा म्हणायचा, "दादा, अर्धा कच्चा माल तसाही त्यांच्याच बोटीनं येतो. किल्ली त्यांच्या खिशात आहेच, तू नुसतं कुलूप कुरवाळतोयस. त्यांची कांडी आपल्या बाजारात आपल्यापेक्षा स्वस्त पडते. खाणवाले देशप्रेमापायी महागाची कांडी किती दिवस घेतील? कारखाना बंद पडला तर कोणाची सुरक्षा करणार आहेस? रिकाम्या शेडची?"

"आणि त्यांनी घेऊन बंद पाडला तर?"

"विकत घेऊन बंद पाडायला ते काय वेडे आहेत?"

"शहाणे आहेत, म्हणूनच विचारतोय."

बगळा हे सगळं ऐकत निमूट जेवत असायचा. धाकटा मधूनच त्याला दोन वाक्यं त्याच्या भाषेत सांगायचा. एवढ्या लांबलचक भांडणाची दोनच वाक्यं कशी होतात, हा बाईंना पडलेला पहिला संशय. धाकट्या सुनेनं अचानक दिवाणखान्याचे पडदे बदलून महागडे लावले, हा दुसरा. थोरल्याबद्दल मात्र त्यांना संशय नव्हता. तो बापाचं बोलायचा, बापासारखं चालायचा, आणि तेलघराबद्दल कोणी वाकडं बोललं की बापासारखाच लाल व्हायचा. सही करायची नाही, असं बाईंनी मनात जवळजवळ ठरवलंच होतं. फक्त धाकटा त्या परक्याच्या किती आत शिरलाय ते त्यांना बघायचं होतं. त्यासाठी बाक होताच.

सुट्टीनंतरचा दिवस होता. फाटकावर पहारेकऱ्यानं सगळ्यांचे खिसे रिकामे करून घेतले. ठिणगी नको म्हणून साहेबिणीच्या केसांतल्या पिना काढून ठेवल्या आणि तिला केस बांधायला सुती नाडी दिली. पायात रबरी बूट, अंगावर सुती डगले. अंगातली वीज उतरावी म्हणून तांब्याच्या पाटीला हात लावून एकेक जण आत गेला. मोठ्या बाई बांधाच्या अलीकडेच थांबल्या. नवरा गेल्यावर तेलघरात त्या एकदाच, एक दोरा बांधायला, गेल्या होत्या. तेलाच्या भांड्याशेजारी पाण्यानं भरलेली बुडीची टाकी असते. भांडं तापायला लागलं की मूठ ओढायची, सगळं तेल पाण्यात बुडतं आणि अनर्थ टळतो. त्या मुठीला लाल सुती दोरा बांधलेला असायचा, म्हणजे दोरा तोडल्याशिवाय मूठ ओढता येऊ नये आणि गुपचूप कोणी तेल बुडवू नये. तो दोरा मालकिणीनंच बांधायचा, अशी नवऱ्याची सक्त ताकीद. बाईंनी आपल्या हातानं गाठ मारली होती आणि बाहेर येऊन दिवसभर डोकं धरून पडून राहिल्या होत्या. पुन्हा आत जायचं कारण पडलं नाही, कारण दोरा कधी तुटलाच नव्हता. थोरला तसं सांगायचा.

मंडळी बाहेर आली. बाईंनी बाकावरची जागा हातानं दाखवली.

"या, टेका जरा. कॉफी येतेय."

साहेबीण बसली आणि तिनं डोळे मिटून घेतले. "हे असंच होतं का सगळ्यांना?"

"सगळ्यांना. मंत्री आला होता एकदा, तो तर रडला."

धाकट्याची अवस्था त्याहून वाईट. चेहरा पिठासारखा पांढरा, कपाळ दोन्ही तळव्यांत गच्च दाबलेलं. "आई, ही रीत आता बंद कर," तो म्हणाला, "नाहीतर गिऱ्हाईक आपल्याला स्फोटानं नाही, डोकेदुखीनं सोडून जाईल."

"जायचं ते जातंच," बाई म्हणाल्या.

बगळा बाकाच्या टोकाला बसला. पाय लांब सोडले. कॉफी आली तेव्हा हात हलवून नको म्हणाला. मग त्यानं हसून काहीतरी विचारलं.

"काय म्हणतोय?"

धाकट्यानं डोकं वर न करता सांगितलं, "विचारतोय, बांधापलीकडची मोकळी जमीन सौद्यात धरायची की वेगळी."

बाईंचा पेला हातातच राहिला. बाकावर बसून कोणी घासाघीस काढलेली त्यांनी जन्मात पाहिली नव्हती. त्या बगळ्याकडे बघत राहिल्या. डोळे स्वच्छ, कपाळाला आठी नाही. तेलघरात सगळ्यांच्या बरोबरीनं थांबून आलेला माणूस, आणि जणू बागेत फेरी मारून आल्यासारखा.

"याला विचार," त्या धाकट्याला म्हणाल्या, "डोकं नाही का दुखत?"

विचारलं. उत्तर आलं. "म्हणतोय, मी कणखर आहे."

"हे तेल कणखर-बिणखर बघत नाही." बाईंनी पेला खाली ठेवला. "सरावलेला आहे हा. आणि सराव एका सुट्टीत मोडतो. म्हणजे काल-परवापर्यंत हा कुठल्यातरी तेलघरात जात होता. विचार त्याला, कुठल्या?"

धाकट्यानं विचारलं. बगळ्यानं खांदे उडवले आणि सांगितलं की गेले कित्येक महिने आपण कागदांखेरीज काही हुंगलेलं नाही.

बाई साहेबिणीकडे वळल्या. आता त्यांच्या आवाजाला धार आली. "बघितलंत ना साहेबीणबाई? तुमचं खातं काय म्हणतं, घाटापलीकडे आपला दुसरा कारखाना आहे, देश काही उघडा पडत नाही, म्हणून हा एक परक्यांना द्यायला हरकत नाही. आणि हे लोक लिहून देतात, त्या दुसऱ्याशी आमचा काडीचा संबंध नाही. मग हा बगळा तिथल्या तळ्यातून आला कसा? त्यांनी तो आधीच गिळलाय. आता हा गिळतील. मग एक बंद करतील, आणि दुसऱ्याचा भाव ते सांगतील तो. खाणीला पण आणि फौजेला पण."

साहेबिणीनं डोळे उघडले. डोक्यातल्या घणांमुळे असेल, नाहीतर बाईंच्या बोलण्यामुळे, ती जे बोलायला नको होतं ते बोलून गेली.

"तिथून नाही आला तो. तिथलं तेलघर कधीचंच बंद आहे. नुसत्या कांड्या भरतात, तेल इथूनच जातं, फौजेच्या नावावर, लष्कराच्या गाड्यांतून. देशात चालू तेलघर हे एकच आहे, आजी." मग तिनं ओठ दाबून धरले. "हे मी इथं बोलायला नको होतं."

"ए," बाई धाकट्याला म्हणाल्या, "हे त्याला सांगू नकोस."

"मला बोलता येतंय कुठं," धाकटा कण्हला.

बांधावर एक टिटवी ओरडून गेली. बाई मनातल्या मनात हिशेब मांडत होत्या. देशात तेलघर एकच. ते हेच. मग हा माणूस इथंच आत जात होता. आणि काल सुट्टी होती, कामगार कोणी नव्हते, काल तर नक्कीच. मालकाच्या परवानगीशिवाय परका माणूस तेलघरात नेणं म्हणजे परवाना जाण्याजोगा गुन्हा, आणि नेणाऱ्याला तुरुंग. किल्ल्या घरात दोघांकडे.

"तूच नेलंस याला," त्या धाकट्याला म्हणाल्या. "पडदे बदलले तेव्हाच मला कळायला हवं होतं."

"पडद्यांचा काय संबंध?"

"बोल. काल सुट्टीचा दिवस साधून आत नेलंस की नाही?"

धाकटा उठला, दोन पावलं जाऊन गवतावर ओकला, आणि परत येऊन तोंड पुसत बसला. "आई," तो म्हणाला, "काल आत गेलो असतो तर आज माझी ही दशा झाली असती का? तुझीच वाफ, तुझाच बाक. तूच सांग."

बरोबर होतं पोराचं. दोन आठवडे त्याच्याकडेच रोखून बघण्यात त्यांनी दुसरीकडे मान वळवलीच नव्हती. आणि आता वळवली तेव्हा त्यांना दिसलं ते सकाळपासून डोळ्यांसमोरच होतं. सुट्टीनंतरच्या दिवशी थोरला कपाळाला फडकं बांधून फिरतो. तेलघरातून बाहेर पडला की पहिला पेला तो उचलतो, पाहुण्यांच्याही आधी. आज कॉफीच्या तबकात त्याचा पेला तसाच होता. थोरला बांधाला टेकून उभा होता, कपाळ कोरडं, आणि पायातल्या बुटांकडे बघत होता.

"तू?" बाई म्हणाल्या.

थोरल्यानं बुटाच्या टोकानं माती उकरली.

"लढाई लागली तर काय, किल्ली शेजाऱ्याच्या खिशात, हे सगळं तूच बोलत होतास ना? का टेबलावर एक बोलायचं आणि फाटकावर दुसरं?"

"ते खरंच बोलत होतो."

"मग हा आत कशाला?"

"भांड्यातल्या नळ्या बघायला." थोरल्यानं मान वर केली. "थंड पाण्याच्या. त्या आतून झिजत आल्यात, आई. भांडं नीट गार होत नाही. मला वाटत होतं, पण खात्री नव्हती. इथं त्यातलं कळणारं दुसरं कोण आहे? हा अशीच भांडी बघत म्हातारा झालाय. चार-पाच वेळा संध्याकाळी नेला, आणि काल दिवसभर."

"मला सांगायला काय झालं होतं?"

"बाबांनी उभं केलेलं भांडं. तुला म्हटलं असतं की ते गेलंय, तर तू म्हणाली असतीस, धाकट्यानं तुला फितवलं."

म्हणाल्या असत्या. नेमकं तेच. बाईंनी नाक फुगवलं आणि दुसरीकडून पकडलं. "एक मिनिट. तुला त्याची भाषा येत नाही. दुभाष्या तर इथं ओकतोय. मग नळ्या झिजल्यात हे त्यानं तुला सांगितलं कसं? हातवारे करून?"

थोरला हळूच म्हणाला, "त्याला आपली भाषा येते, आई."

बाकाच्या टोकाला बगळा किंचित हलला. दोन आठवड्यांची सगळी जेवणं बाईंच्या डोळ्यांपुढून गेली. भाव किती खाली उतरेल यावरचं भांडण. फौजेच्या मागणीवरची कुजबुज. आपण त्याच्या समोरच त्याच्या नाकाला काय म्हणालो होतो तेही. आणि आता साहेबिणीनं सांगितलेलं एकुलत्या एका तेलघराचं.

"येते का हो?" बाईंनी त्याला सरळ विचारलं.

बगळ्यानं मान झुकवली. "थोडी," तो म्हणाला. उच्चार जड होते, पण एकही शब्द चुकीचा नव्हता. "तरुणपणी या भागात बोगद्यावर होतो. माफ करा, मोठ्या बाई. न येण्यात फायदा होता."

"आणि माझं पोर दुभाष्या म्हणून घसा सुकवत होतं."

"मला सांगायचं होतंस की," धाकटा बगळ्याला म्हणाला, आणि त्या अवस्थेतही दुखावल्यासारखा दिसला. "मी निम्मं सुधारून सांगायचो."

"ते कळत होतं," बगळा म्हणाला. मग बाईंकडे वळला. "नळ्यांचं खरं आहे. तुमच्या मुलानं दोन वेळा तेल बुडवलंय. तिसऱ्या वेळी मूठ ओढायला कदाचित उशीर होईल. आमची कंपनी महिन्याभरात नवं भांडं बसवील. सही झाली की लगेच."

म्हणजे भीती हीच त्याची बोली होती. बाईंना आता कुणाचंच खरं वाटेना. नळ्या खरंच गेल्यात, की थोरल्यासारख्या साध्या माणसाला घाबरवून कारखाना स्वस्तात काढून घ्यायचाय? आणि थोरला तरी साधा आहे कशावरून? दोन आठवडे तो जेवणाच्या ताटावर देश-देश करत होता आणि संध्याकाळी परक्याला बापाच्या भांड्यापाशी नेत होता.

त्या उठल्या. डोक्याला पदर घट्ट आवळला, केसांतली पिन काढून पहारेकऱ्याच्या हातावर ठेवली.

"आई, तू कशाला," थोरला पुढं झाला.

"बाजूला हो."

तांब्याच्या पाटीला हात लावून त्या एकट्याच आत गेल्या. तेलघरात शांत होतं. भांड्याच्या उष्णतामापकासमोर एक माणूस एका पायाच्या स्टुलावर बसला होता. डुलकी लागली तर तोल जाऊन पडावा म्हणून ते स्टूल तसलं. नवऱ्याच्या वेळीही तसंच होतं. तो माणूस उठायला गेला, तर बाईंनी त्याला हातानं बसवलं. त्याची नजर त्या काट्यावरून हलली नाही हे त्यांनी पाहिलं, आणि तो घामानं भिजलाय हेही.

बुडीच्या टाकीशी जाऊन त्या वाकल्या. मुठीला लाल दोरा होता. नवा कोरा. आणि गाठ त्यांची नव्हती. त्या गाठ मारायच्या ती वेणीच्या शेवटासारखी, टोक आत खोचून. ही पुरुषी गाठ, बुटाच्या नाडीसारखी, घाईत मारलेली, आणि तिच्यावर दुसरी. हात कापत असताना मारलेली गाठ कशी दिसते ते बाईंना माहीत होतं. थोरल्यानं शाळेत असल्यापासून तशाच मारल्या होत्या.

त्या वाफेत जरा वेळ तशाच उभ्या राहिल्या. कानशिलांशी पहिला घण पडला तेव्हा बाहेर आल्या.

बाहेर साहेबिणीनं आपली पर्स पहारेकऱ्याकडून परत घेतली होती. "आजी," ती म्हणाली, "मला जे दिसलं ते कळवावं लागेल. परवानगी नसताना परदेशी माणूस आत नेला गेला. तुमच्या मुलाला..."

"परवानगी होती," मोठ्या बाई म्हणाल्या आणि बाकावर धाकट्याच्या शेजारी बसल्या. "मीच दिली होती. मालकीण आहे मी."

"पण मघाशी तर तुम्हीच..."

"मघाशी माझं डोकं दुखत नव्हतं. आता दुखतंय. आता खरं बोलतेय."

साहेबिणीची पापणी पहिल्यांदा हलली. ती बराच वेळ बाईंकडे बघत राहिली, मग थोरल्याकडे. ती काय करणार हे बाईंना कळलं नाही, आणि न कळणं त्यांना मुळीच आवडलं नाही.

"दुसरं ऐका," बाई म्हणाल्या. "तेलघर आजपासून बंद. आत्ता भांड्यात आहे तेवढं संपवायचं, आणि कुलूप. नळ्या बदलल्याशिवाय उघडायचं नाही."

थोरल्यानं श्वास सोडला. धाकट्यानं मात्र तळहातांतून डोकं वर काढलं. "आई, माल कुठून देणार? गिऱ्हाईकं आठवड्यात पळतील."

"पळू देत. फुटलेल्या शेडकडून माल घेणार आहेत का?" त्या साहेबिणीकडे वळल्या. "देशातलं एकुलतं एक तेलघर आता बंद आहे, एवढं जाऊन सांगा तुमच्या खात्याला. सुरक्षा, सुरक्षा म्हणून परक्याला अडवता, ते बरोबर करता. पण आपल्या माणसाला तुम्ही कधी साधी नळी दिली नाहीत. आमच्या कांडीचा भाव पडत होता तेव्हा तुमचं खातं काय करत होतं? देशाला घरचं तेल पाहिजे असेल तर देशानं भांडं बदलून द्यावं."

"खजिना लगेच असं..." साहेबीण म्हणाली आणि कपाळ चोळू लागली.

"लगेच नसेल जमत. पण आता त्यांना घाई आहे, मला नाही."

मग बाईंनी बाकाच्या टोकाकडे मान वळवली. धाकट्यानं सवयीनं भाषांतरासाठी घसा साफ केला.

"तुमच्याकडे चांगल्या नळ्या असतील तर नळ्या विका," बाई म्हणाल्या. "कारखाना मिळणार नाही."

धाकट्याच्या तोंडून एक शब्द निघायच्या आत बगळा उठून उभा राहिला होता. त्यानं पांढऱ्या डगल्याची घडी घातली, बाईंपुढे वाकला आणि म्हणाला, "नळ्यांचं कंपनीला विचारतो."

"विचारा. आणि त्यांना सांगा, म्हातारीनं तुमच्या नाकाबद्दल जे काही म्हटलं होतं ते मागे घेत नाही."

त्याला हसू आलं, पण ते खरं होतं की शिकलेलं ते बाईंना ठरवता येईना. तो फाटकाकडे चालला तेव्हा त्या त्याच्या पाठीकडे बघत राहिल्या. एवढा मोठा सौदा मोडूनही त्याची चाल जराही बिघडली नव्हती. एकुलत्या एका तेलघराची बातमी तो घेऊन चालला होता, आणि ती एकटी कदाचित कारखान्याहून मोलाची होती. तेही त्यांच्या मनात आलं आणि खुपत राहिलं.

डोकं आता दोन्ही बाजूंनी ठणकत होतं. धाकटा शेजारी कण्हत होता. "मी खरंच घरासाठीच म्हणत होतो, आई," तो पुटपुटला. "तुला वाटतं तसा विकला गेलो नव्हतो."

"माहीत आहे. आता गप्प बैस. डोकं उतरेपर्यंत कोणी व्यवहाराचं बोलायचं नाही. तुझ्या बापाची रीत आहे."

"त्याची रीत उलटी होती."

"दुसऱ्यांसाठी. घरच्यांसाठी ही."

थोरला कॉफीचा पेला घेऊन आला आणि पुढ्यात उभा राहिला. पेला धरलेल्या त्या हातांनी मारलेल्या गाठी बाईंना आठवल्या, एकावर एक. त्यांनी पेल्याकडे पाहिलं, मग त्याच्या तोंडाकडे.

"आधी तू घोट घे, नेहमीसारखा," त्या म्हणाल्या.

"आई..."

"घे म्हटलं ना."

थोरल्यानं घोट घेतला. बाईंनी तो नीट गिळेपर्यंत बघितलं, पेला त्याच्या हातातून काढून घेतला, आणि सरकून बाकावर त्याच्यापुरती जागा केली.